वर्षातले आवडते दहा अल्बम निवडायचे कसे

डिसेंबर आला की जो तो आपापली यादी टाकायला लागतो, मग आपल्यालाही वाटतं आपण पण करावी, पण तेव्हा आठवायला बसलं तर दिवाळीनंतरचंच आठवतं आणि फेब्रुवारीत ज्याने महिनाभर वेड लावलेलं ते पार डोक्यातून गेलेलं असतं. म्हणून जानेवारीतच फोनच्या नोट्समध्ये एक पान उघडा. नवीन अल्बम पूर्ण ऐकून झाला की नाव, तारीख आणि एक ओळ लिहायची. नुसतं "मस्त आहे" लिहू नका, दहा महिन्यांनी त्यातून काही कळत नाही, "तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याआधी बासरी येते ती जागा" असं लिहा.

स्पॉटिफाय रॅप्डवर, म्हणजे तुम्ही वर्षभरात सगळ्यात जास्त काय ऐकलं याचा जो हिशोब ते ॲप वर्षाखेरीस दाखवतं त्यावर, यादी बेतू नका प्लीज. तिथे गाणं ३० सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो, म्हणजे जिममध्ये लूपवर लावलेलं, पोराला झोपवताना लावलेलं सगळं त्यात येतं. विसरलेली नावं सापडायला बरं आहे, तेवढंच वापरा.

आणि यादी ३१ डिसेंबरच्या आधी बंद करायची नाही. १३ डिसेंबर २०१३ ला अमेरिकन गायिका बियॉन्सेने कसलीही जाहिरात न करता आख्खा अल्बम आणला, तोवर कितीतरी ठिकाणच्या याद्या येऊन गेल्या होत्या!

वर्ष कुठलं धरायचं हे आधीच ठरवा. आपल्याकडे सिनेमाची गाणी आधी येतात, 'नटरंग' थिएटरला लागला १ जानेवारी २०१० ला पण गाणी २००९ मध्येच घरोघरी वाजत होती. मी गाणी आली ते वर्ष धरतो. कमी गाणी असली म्हणून अल्बम बाद करू नका, 'सैराट'मध्ये चारच गाणी आहेत पण अजय-अतुलनी त्यासाठी हॉलिवूडला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला आणि २०१६ ची माझी यादी त्याच्याशिवाय होऊच शकत नाही. उलट पंधरा गाण्यांतली दोनच चांगली असतील तर ती दोन गाणी आवडली म्हणायचं, अल्बम नाही. रिमिक्स, जुन्या गाण्यांचे संग्रह हे मी घेत नाही.

आता खरं काम. पंचवीसेक नावं उरली की प्रत्येक अल्बम पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, शफल बंद करून, कारण गाण्यांचा क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो. घाई करू नका, दिवसाला एक पुरे.

मग गुण द्या. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकात दरवर्षी समीक्षकांचं मतदान व्हायचं, पॅझ अँड जॉप नावाचं, त्याची पद्धत मला फार आवडते: दहा अल्बम, एकूण १०० गुण, एकाला जास्तीत जास्त ३० आणि कमीत कमी ५. करून बघा, नुसते नंबर लावण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. पहिल्याला ३० दिले तर बाकीच्या नऊ जणांत ७० च उरतात, मग कळतं की दुसरा आणि तिसरा जवळजवळ सारखेच आवडलेत पण पहिला या सगळ्यांच्या फार पुढे आहे, किंवा याच्या उलट, की यंदा एकावरही तसा जीव जडला नाही आणि सगळ्यांना दहा-दहाच द्यावेसे वाटतायत, तर तसेच द्या, ते पण खरंच आहे. लोक काय म्हणतील म्हणून कोणाचे गुण वाढवू नका, भजनाचा अल्बम सगळ्यात जास्त ऐकला असेल तर तोच वर.

शेवटी प्रत्येक नावापुढे नोट्समधली ती एक ओळ टाका, आणि गायकासोबत संगीतकार, गीतकार, संयोजक यांची नावं पण लिहा, ॲपवर ती शोधावी लागतात पण शोधा.