ग्रँड कॅन्यनमधला एक दिवसाचा ट्रेक : आधी उतार, मग चढ

सह्याद्रीत चढण सकाळी होते, अंगात दम असताना. गडावर दोन घास खाऊन निघालं की गुडघे कुरकुरत का होईना, पाय आपोआप खालच्या वाडीकडे ओढ घेतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातली प्रचंड दरी, ग्रँड कॅन्यन, तिथे हा हिशोब उलटा आहे. गाडी वरच्या कड्यावर लागते, पहाटेच्या गारव्यात खाली उतरायला काहीच वाटत नाही, आणि खरी चढण येते ती भर उन्हात, दमलेल्या पायांनी, बाटलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर. लोक अडकतात चढताना, पण चूक होते ती उतरताना. म्हणून परत कुठून फिरायचं, हे पहिलं पाऊल टाकण्याआधी ठरवा.

दक्षिण कडा म्हणजे साउथ रिम समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर आहे. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. म्हणजे वाहनतळावरच आपण कळसूबाईच्या बरेच वर असतो, आणि परतताना शेवटचा टप्पा सर्वांत विरळ हवेत चढायचा असतो. खाली जाल तसा उकाडा वाढतो, दर ३०० मीटरला साधारण ३ अंश. कड्यावर २८ अंशांची छान हवा असते, तेव्हा तळाशी कोलोरॅडो नदीकाठी पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. कड्यावरच्या गारव्यावरून खालचा अंदाज बांधू नका.

एका दिवसासाठी दोन वाटा कामाच्या आहेत. साउथ कायबाब ही सोंडेवरून उतरते. दोन्ही बाजू मोकळ्या, त्यामुळे नजारा पहिल्या वीस मिनिटांतच उघडतो, पण सावली जवळपास नाही आणि पाण्याचा एक थेंब नाही. ऊ-आ पॉइंट दीड किलोमीटरवर, उतार २४० मीटर. सीडर रिज २.४ किलोमीटर, उतार ३४० मीटर. इथे स्वच्छतागृह आहे. स्केलेटन पॉइंट ४.८ किलोमीटर, उतार ६२० मीटर. दुसरी वाट ब्राइट एंजल. ती घळीतून जाते, म्हणून सकाळी आणि दुपारनंतर सावली मिळते. दीड मैलावर आणि तीन मैलांवर निवारे आहेत (उतार अनुक्रमे ३४० आणि सुमारे ६४५ मीटर), आणि साडेचार मैलांवर हवासुपाई गार्डन्स, जिथे झाडं आणि ओढा आहे. निवाऱ्यांवरचे नळ उन्हाळ्यातच चालू असतात, आणि तेसुद्धा जुनी जलवाहिनी फुटली की बंद. आदल्या संध्याकाळी ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर पाण्याची आणि वाटांची स्थिती बघाच. नळ चालू असेल असं धरून कमी पाणी घेऊन निघू नका.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने उन्हाळ्यात सीडर रिज किंवा दीड मैलाचा निवारा इथवरच जावं. नियमित ट्रेक करणाऱ्याने, तेही पहाटे निघून, तीन मैल. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा बेत पाटी वाचूनच रद्द करावा. उद्यानाने तसं स्पष्ट लिहून ठेवलंय, आणि ते उगाच नाही. दरवर्षी अडीचशेहून जास्त लोकांना इथून सोडवून आणावं लागतं, असं तिथल्याच पाट्या सांगतात. त्यात तरुण, धडधाकट माणसंही पुष्कळ असतात.

वेळेचा नियम सोपा: उतरायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट चढायला धरा. सीडर रिजला पाऊण तासात पोचलात तर परत यायला दीड तास, आणि सोबत लहान मूल असेल तर दोन. पाण्याचंही तसंच. तीन लिटर घेतलं असेल तर एक लिटर संपलं की फिरायचं, मग ठरवलेली जागा समोर दिसत असली तरी. कड्यावरून पाच-साडेपाचला निघालं तर दहाच्या आत वर येता येतं. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात घळीत चालूच नये. उशिरा निघालात आणि खाली अडकलात, तर सावली धरून चार वाजेपर्यंत बसून राहणं हेच शहाणपण. टॉर्च प्रत्येकाकडे हवा, तो यासाठी.

कायबाबच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही. उद्यानाची मोफत बस घ्यावी लागते. पहाटे ट्रेकर्ससाठी वेगळी थेट बस सुटते, तिच्या वेळा महिन्यागणिक बदलतात. एक गोम लक्षात ठेवा: ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत नाहीत, पण शेजारच्या युटा राज्यात आणि नवाहो आदिवासींच्या प्रदेशात करतात. त्या बाजूने येताना फोनवरची वेळ मध्येच उड्या मारते. रात्री गजर लावण्याआधी एकदा खात्री करा.

आता पाणी आणि मीठ. आपल्याकडे घाम ठिबकतो, सदरा पाठीला चिकटतो, म्हणून तहान लागायच्या आधीच कळतं. वाळवंटी हवेत घाम अंगावर ठरतच नाही. तासाभराने टोपीच्या कडेला आणि बॅगेच्या पट्ट्याखाली पांढरी रेघ उमटते, तो घामावाटे गेलेल्या मिठाचा हिशोब. चालताना तासाला अर्धा ते एक लिटर लागतं. सीडर रिजसाठी माणशी दोन लिटर, स्केलेटन पॉइंटसाठी साडेतीन ते चार. गाडीत वेगळी चार-पाच लिटरची कॅन ठेवा.

नुसतं पाणी ढोसणं मात्र तितकंच धोक्याचं. मीठ घामावाटे गेलेलं आणि वरून कोरं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, हातपाय सुजणं, पुढे बरळणं. वरवर उष्माघातासारखंच दिसतं. फरक असा की हा माणूस भरपूर पाणी प्यालेला असतो आणि त्याला सारखी, पाण्यासारखी स्वच्छ लघवी होत असते. त्याला आणखी पाणी पाजू नका, खारट खायला द्या. म्हणून दर अर्ध्या तासाला दोन घास खायचे, भूक असो वा नसो. खारे शेंगदाणे, चिवडा, लोणच्याबरोबर दशमी किंवा ठेपला हे इथे अगदी बेश आहे. चॉकलेट वितळतं. ओआरएसची पुडी असेल तर ती पूर्ण एक लिटरमध्येच कालवा, अर्ध्या बाटलीत नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

कपड्यांच्या बाबतीत सह्याद्रीतली शिकवण बाजूला ठेवा. पावसाळी ट्रेकला सुती कपडा वर्ज्य. इथे उन्हाळ्यात सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा सर्वांत चांगला. नळ भेटला की तो सदरा ओला करायचा. पंचा भिजवून मानेभोवती टाकला तर वीस मिनिटं तरी जीव थंड राहतो. हिवाळ्यात मात्र हेच सूत अंगात थंडी भरवतं, तेव्हा लोकर किंवा सिंथेटिक. बूट आधी वापरून मऊ झालेले हवेत, आणि उतरण्याआधी अंगठ्याचं नख कापून घ्या. उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटत राहतात, नख काळं पडतं ते त्यामुळे.

वाटेवर ठिकठिकाणी आडवे ओंडके टाकून पायऱ्या केल्यात. खेचरांच्या टापांनी दोन ओंडक्यांमधली माती खचलेली असते, त्यामुळे वर येताना प्रत्येक पायरी अर्ध्या नडगीएवढी उंच पडते. इथेच मांड्या भरून येतात. लांब टांग मारण्यापेक्षा कडेचे दगड शोधून छोटी पावलं टाका. वेग असा हवा की बोलता यावं. वाक्य तुटायला लागलं की थांबा, आणि तासातून एकदा पाय वर करून दहा मिनिटं बसा. खेचरांचा ताफा आला तर डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. ताफेवाल्याचं ऐकायचं आणि शेवटचं खेचर पुरतं पुढे जाईपर्यंत हलायचं नाही.

किती उतरलो हे दगडच सांगतात. वरचा थर फिकट पिवळसर चुनखडीचा. मग कोकोनिनो वालुकाश्माची पांढुरकी भिंत येते. तिच्यावरच्या तिरक्या रेघा प्राचीन वाळूच्या टेकड्यांच्या आहेत. तिच्याखाली पायाखालची माती एकदम लाल होते. सीडर रिज याच लाल मातीवर आहे. तिथे बसून मागे वळून ती पांढरी भिंत बघा, कारण तिच्याही वर चढून जायचंय.

कोणी गप्प झालं, अडखळायला लागलं, विचारलेल्याला भलतंच उत्तर देऊ लागलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत निजवा, कपड्यांसकट पाणी ओता, वारा घाला, आणि मदत मागवा. पिण्याचं पाणी अंगावर ओतायला मागेपुढे पाहू नका. फोनला रेंज बहुधा नसते, म्हणून कोणत्या वाटेने गेलो आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे वर राहणाऱ्या कोणाला तरी सांगून जा.

भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांना खाली नेण्याचा हट्ट नको. रक्तदाबावर लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात पाणी आणि मीठ दोन्ही लवकर उतरतं. निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या, गोळी परस्पर बंद करू नका. कड्यावरची वाट त्यांच्यासाठी छान आहे. यावापाई संग्रहालयापासून निघणारा फरसबंद टप्पा चाकांच्या खुर्चीलाही चालतो, आणि त्यावर प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं अशा खुणा केल्यात.

जुलै ते सप्टेंबर दुपारी गडगडाटी पाऊस येतो. कड्यावर वीज पडते, आणि कोरड्या घळीत लांबवर पडलेल्या पावसाचा लोंढा मिनिटांत येतो. काळे ढग जमताना दिसले की टोकावरून आणि ओढ्याच्या पात्रातून बाजूला व्हा. डिसेंबर ते मार्चपर्यंत अडचण वेगळी: ब्राइट एंजलचा वरचा मैलभर भाग सावलीत असतो, तिथला तुडवून काचेसारखा झालेला बर्फ दुपारीही वितळत नाही. बुटांवर चढवायचे छोटे काटे लागतात. खाली कोरडी माती लागली की ते काढून बॅगेत टाका, आणि वर येताना पहिल्या बर्फाच्या आधी, सपाट जागा बघून पुन्हा चढवा.