टॉवर नको, कनेक्टर नीट करा: कोकणातल्या पावसासाठी ४० मीटर बँडची अँटेना

नवं हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स हातात पडलेला पोरगा दुकानात आला की पहिला प्रश्न ठरलेला: "काका, टॉवर किती फुटी उभारू?" माझं उत्तरही ठरलेलं. उभारूच नकोस. माझं दुकान मोटार रिवाइंडिंगचं, दापोलीकडे. तांबं, वार्निश आणि गंज यांच्याशी रोजची गाठ, म्हणून हे जरा अधिकारानं सांगतो.

आपल्या आणि पुण्याच्या मध्ये सह्याद्री आडवा आहे. दोन मीटर बँडवर (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपास, जिथे सिग्नल सरळ रेषेत जातो) तुम्ही साठ फुटी टॉवर ठोकलात तरी डोंगर काही बाजूला सरकत नाही. ४० मीटर बँडवर, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये, दिवसा सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत खाली येतो. घाट असो वा नसो, पुणे-मुंबई-कोल्हापूर मिळतं. यासाठी अँटेना आठ-दहा मीटर उंच असली की भागतं, आणि तेवढे माड परसात आहेतच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ येऊन गेलं तेव्हा इकडे विजेचे खांबच्या खांब आडवे झाले होते. तुटलेली तार अर्ध्या तासात परत चढते, टॉवर नाही. वाचलेला पैसा केबल आणि कनेक्टरला घाला.

अँटेना म्हणजे साधा इन्व्हर्टेड व्ही: मधोमध उंच, दोन्हीकडे तारेचा एकेक पाय खाली उतरता. घरगुती वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची मल्टीस्ट्रँड वायर घ्या. माझ्याकडची इनॅमल वायर मागू नका, ती मऊ असते, ताणली की लांबते. एकूण लांबीचं सूत्र: १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ ला वीस मीटर, म्हणजे एक पाय साधारण १० मीटरचा. पीव्हीसी कव्हर आणि उतरते पाय यांमुळे शेवटी थोडी कमीच लागते, तरी सुरुवात १०.३० मीटरने करा. जास्तीची तार कापू नका, टोकाला मागे दुमडून तिच्यावरच गुंडाळा. दोन्ही पाय एकेक सेंटीमीटर कमी केले की रेझोनन्स, म्हणजे अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला नीट जुळते ती, सुमारे ७ किलोहर्ट्झ वर सरकतो. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं खिशातलं यंत्र) जवळ असेल तर हे काम चहा निवायच्या आत होतं. दोन पायांतला कोन काटकोनापेक्षा कमी नको. टोकं माणसाच्या हाताला लागतील अशी नकोत. ट्रान्समिट करताना तिथे व्होल्टेज जबर असतं.

माड डोलतो, हे विसरून तार घट्ट बांधली की ती पहिल्याच वाऱ्यात तुटणार. नारळ काढायला पाडेली येईल तेव्हा त्याच्याकडून वर एक कप्पी बांधून घ्या. दोरी कप्पीवरून खाली आणा आणि टोकाला पाच लिटरच्या कॅनमध्ये वाळू भरून टांगा. माड हलेल तसा कॅन वर-खाली होतो, तार ताठ राहते. आणि महावितरणच्या तारांपासून इतकं लांब राहा, की अँटेना, दोरी किंवा झावळी कुठल्याही बाजूला पडली तरी तिथे पोचणार नाही. यात तडजोड नाही.

केबलबाबत एवढंच: ४० मीटर बँडवर पंचवीस मीटर आरजी-५८ ला (बारीक कोअ‍ॅक्सियल केबल: मधे तार, भोवती तांब्याची जाळी) साधारण एक डीबी, म्हणजे पाचवा हिस्सा पॉवर जातो, चालतं. तीच केबल दोन मीटर बँडला लावलीत तर १० वॉटमधले जेमतेम तीन वर पोचतात; जाड आरजी-२१३ ला सहा. फीडपॉइंटखाली, म्हणजे केबल अँटेनाला जोडते त्या जागेखाली, आरजी-५८ चेच साडेचार मीटरात दहा वेढे घालून चोक करा, म्हणजे जाळीच्या बाहेरून करंट खाली येत नाही.

आता खरं काम, पीएल-२५९, म्हणजे केबलच्या टोकाचा कनेक्टर. आरजी-२१३ ला डाग देताना २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवा. त्यानं कनेक्टरची बॉडी तापेपर्यंत केबलच्या आतलं पांढरं प्लास्टिक वितळतं. शंभर वॉटचं घ्या, पटकन तापवा, पटकन उचला. बाहेरची फिरती रिंग आधी केबलवर ओवा, योग्य तोंडाने. वरचं काळं कव्हर २८ मिलिमीटर काढा, जाळीला कथिलाचा हात द्या, मग टोकाकडून १६ मिलिमीटर मधली तार उघडी करा. कनेक्टरच्या चार भोकांभोवतीचा निकेलचा मुलामा कानशीने घासा, नाहीतर सोल्डर नुसतं थेंबासारखं बसतं, धरत नाही. बॉडी पिळून चढवा, भोकांतून जाळी दिसली की डाग द्या. हलवू नका, पाण्यात बुडवून थंड करू नका. दुसरं टोक मोकळं ठेवून मल्टिमीटर मधली पिन आणि बॉडी यांना लावा. केबल वाकवून बघा, बीप वाजता कामा नये.

पीएल-२५९ वॉटरप्रूफ नसतो, दुकानदार काहीही म्हणो. सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप निम्म्या रुंदीपर्यंत ताणून, खालून वर गुंडाळत जा. कौलं शाकारतो तशी वरची घडी खालचीवर आली पाहिजे. त्यावर काळी पीव्हीसी टेप, उन्हासाठी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याजवळ नको, त्यातलं आम्ल जाळी हिरवी करतं. फीडपॉइंटला जिथे जाळी आणि मधली तार वेगळी होते, तिथलं तोंड उघडं राहिलं तर जाळी वातीसारखं पाणी ओढून घेते. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, पाणी तिथेच ठिबकेल.

मे महिन्यात गडगडायला लागलं की केबल रेडिओवरून काढून खिडकीबाहेर. अरेस्टरवर (वीज जमिनीत सोडणाऱ्या उपकरणावर) विसंबू नका. आपल्या जांभ्यात अर्थिंग मुळातच नीट मिळत नाही.

पावसाळा संपला की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती लाट परत येते त्याचं माप; १ म्हणजे काहीच नाही) १.१ दिसला म्हणून खूश होणारे बरेच भेटतात. भिजलेली केबल पॉवर खाते, परत येणारी लाटही खाते, म्हणून मीटर गोड बोलतो. ऑक्टोबरात वरचं टोक सोडवा, मधली तार आणि जाळी शॉर्ट करा, आणि खालून नॅनोव्हीएनएने ७ मेगाहर्ट्झला बघा. शॉर्ट टोकावरून सगळी लाट परत येते, म्हणून पंचवीस मीटर चांगल्या आरजी-५८ ला आठच्या पुढे एसडब्ल्यूआर दिसला पाहिजे. तीनच्या आसपास दिसला तर निम्मी पॉवर केबलमध्येच जिरतेय. वरच्या टोकाचा हातभर तुकडा कापून आत बघा. जाळी काळी पडली असेल तर लख्ख तांबं लागेपर्यंत कापत जा. मीटर-दोन मीटरवरही लागलं नाही तर नवी केबल आणा.