ब्लूजमध्ये काम मिळतं ते साथीमुळे

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेली शैली, गिटारवर वाजवून पोट भरायचं ठरवलं असेल तर आधी एक गोष्ट ऐकून घ्या. पहिलं काम तुम्हाला तुमच्या सोलोमुळे मिळणार नाही. पेंटॅटॉनिक (पाच सुरांची पट्टी), बेंडिंग (तार ओढून सूर चढवणं), व्हायब्रॅटो (सूर थरथरवणं) हे सगळं तुम्हाला येतं असं मी धरून चालते. शिकागोत ते प्रत्येकालाच येतं. काम मिळतं ते गाणाऱ्याच्या मागे उभं राहून नीट साथ करता आली तर. मी पुण्याची, आता बरीच वर्षं शिकागोत राहते आणि दुसऱ्यांच्या बँडमध्ये दुसरी गिटार वाजवते. दिवसा अजून शिकवण्या घ्याव्याच लागतात, त्याशिवाय घरभाडं निघत नाही. तेव्हा हे सगळं अजून पाण्यात हातपाय मारणारीचं बोलणं आहे, तसंच वाचा.

मला ज्या सापळ्यानं धरलं त्याबद्दल जरा लांबण लावणार आहे, कारण घरात बसून शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तोच धरतो. आपण बॅकिंग ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर वाढतो. ट्रॅक कधी हलत नाही. बार म्हणजे चार ठोक्यांचा गट; वन, फोर, फाइव्ह म्हणजे पट्टीतल्या पहिल्या, चौथ्या, पाचव्या सुरावरच्या कॉर्ड. चार बार वनवर, दोन फोरवर, दोन परत वनवर, मग फाइव्ह, फोर, वन आणि टर्नअराउंड (परत सुरुवातीकडे नेणारा बार). बारा झाले की पुन्हा पहिल्यापासून. हा हिशेब अंगात इतका मुरतो की कान मिटतात आणि आपण नुसतं मोजत राहतो. मग एके रात्री सत्तरीतला एखादा गायक पुढे उभा असतो. गाणं ई मध्ये, म्हणजे वन ई आणि फोर ए. तो पहिली ओळ म्हणतो, शेवटचा शब्द लांबवतो, पुढच्या टेबलावरच्या कुणाशी तरी दोन शब्द बोलतो, आणि वनवरच रेंगाळतो. तुमचे चार बार तर संपलेले असतात. तुम्ही फोरवर उडी मारता. गायक ई वर, बेस ई वर, आणि ए सेव्हन्थवर एकट्या तुम्ही, भर आवाजात. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा गायक रागावला नाही. त्यानं फक्त मान वळवून पाहिलं, आणि त्या रात्री पुन्हा मला सोलो दिला नाही.

गायक चुकला असं मनातही आणू नका. या संगीताची घडणच तशी आहे. जुना ब्लूज गायक-गिटारवादक जॉन ली हूकरनं 1948 साली डेट्रॉइटमध्ये पहिली रेकॉर्डिंग्ज केली ती एकट्यानं, गिटार आणि पायाचा ठेका एवढ्यावर. एकटा वाजवणारा कशाला मोजेल? ओळ संपली की कॉर्ड बदलायची. कधी साडेअकरा बार होतात, कधी तेरा. टेक्सासचा लाइटनिंग हॉपकिन्सही तसाच. त्यांच्यामागे बँड आला तेव्हा बँडनं त्यांच्या तोंडाकडे बघून वाजवायचं, हाच नियम पडला. कीर्तनात बुवांनी ओळ मध्येच थांबवून निरूपण सुरू केलं तर पेटीवाला अंतरा पुढे दामटत नाही, तेच इथे.

यावर उपाय आहे, आणि तो अवघडही नाही. गिटारच्या मानेवरची नजर उचला. गायकाचा श्वास बघा. नवी ओळ घेण्याआधी खांदे किंचित वर जातात. तो स्वतः गिटार वाजवत असेल तर त्याचा डावा हात बघा. बेस ऐका. बदलाच्या आधीच्या शेवटच्या ठोक्यावर बेसवाला बऱ्याचदा पुढच्या कॉर्डच्या अगदी खालचा सूर घेतो, म्हणजे ए कडे जायचं असेल तर जी शार्प. तो ऐकू आला की तुम्हाला एक ठोक्याची सवड मिळते, आणि तेवढी पुरते. घरी सराव करायचा तर हूकरची एकट्यानं वाजवलेली रेकॉर्डिंग्ज लावा आणि न मोजता साथ करा. पहिले काही दिवस रडू येईल. येऊ द्या. मलाही आलं, पण महिन्याभरात कान उघडायला लागले.

बॅकिंग ट्रॅक फेकून द्या असं माझं ठाम मत आहे. मोबाइलवरचा नुसता मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठेवून वाजवलेलं त्याहून शंभर पटींनी बरं. आणि 'फील आला पाहिजे' एवढंच सांगणाऱ्या गुरूपासून लांब राहा. फील म्हणजे नेमकं काय, सूर ठोक्याच्या किती मागे, तार कधी दाबून बंद करायची, हे त्यानं हातानं दाखवलं पाहिजे. मला सर्वांत जास्त शिकवलं ते बेसवाल्यांनी आणि ड्रमरांनी. गिटारवाले गिटारवाल्याला बहुतेक वेळा नवीन लिक (तयार छोटे सुरांचे तुकडे) देतात, आणि लिक तुमच्याकडे आधीच गरजेपेक्षा जास्त आहेत.

आणखी एक. ब्लूजचा सर्वांत गाजलेला गायक-गिटारवादक बी. बी. किंग याची नक्कल करून साथीदार होता येत नाही. तो गाताना वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. गिटार त्याच्या गळ्याला उत्तर द्यायची. कॉर्ड आपल्याला नीट जमत नाहीत हे तो स्वतःच सांगायचा. त्याच्या मागे कॉर्ड धरून ठेवणारा दुसरा कुणीतरी कायम होता, आणि नोकरी त्या दुसऱ्याची असते. त्यासाठी गायक जिमी रीडच्या मागचा गिटारवाला एडी टेलर ऐका. गायक हाउलिंग वुल्फच्या मागचा गिटारवाला ह्यूबर्ट समलिन ऐका, तो आवाजाच्या फटींतून कसा ये-जा करतो ते. बँडमध्ये दोन गिटार असतील आणि पहिली खालच्या सुरांच्या जाड तारांवर शफल (ब्लूजचा झुलता ठेका) धरून असेल, तर तुम्ही वरच्या सुरांच्या तीन पातळ तारांवर या, दोन आणि चारवर छोटा तुकडा मारा आणि लगेच बंद करा. गायक गात असताना फिल (मधल्या जागा भरणारे सूर) नको. त्याची ओळ साधारण दोन बार चालते, पुढचे दोन उत्तरासाठी मोकळे असतात, आणि त्यातही पियानो किंवा हार्मोनिका असेल तर पाळी ठरवून घ्या.

स्टेजवर गाणं सांगितलं जातं ते एका दमात: शफल, जी मध्ये, फ्रॉम द फाइव्ह, क्विक चेंज. म्हणजे सुरुवात शेवटच्या चार बारपासून, आणि दुसऱ्याच बारला फोरवर जायचं. ऐकू आलं नाही तर विचारा. विचारणाऱ्याला कुणी हसत नाही.

दौऱ्यांबद्दल फार रंगवून सांगण्यासारखं नाही. व्हॅन, सामान उतरवणं, साउंडचेक, चार तास वाट बघणं, वाजवणं, सामान चढवणं. 1956 साली बी. बी. किंगनं 342 कार्यक्रम केले, हा आकडा लोक कौतुकानं सांगतात. मला त्यात वर्षभर व्हॅनमध्ये झोपलेला बँड दिसतो. शिकागोत राहूनही झोप मिळतेच असं नाही. किंग्स्टन माइन्ससारख्या क्लबात दोन स्टेजवर दोन बँड आळीपाळीनं रात्री उशिरापर्यंत वाजवतात. कानांत इअरप्लग पहिल्या दिवसापासून घाला, ड्रमरच्या क्रॅशजवळ (मोठ्या झांजेजवळ) उभं राहायची वेळ आली तर नक्कीच. गेलेला कान परत येत नाही. शिकागोच्या हिवाळ्यात हीटरनं हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं आणि फ्रेटची (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बोटांना टोचायला लागतात. केसमध्ये ओलावा ठेवणारी पाकिटं टाका.

पैशांचं आधी लेखी घ्या. एका कार्यक्रमाचे किती हे सगळे सांगतात; मधल्या रिकाम्या दिवसांचे काय, जेवण कोण देणार, खोली वेगळी की वाटून, हे कुणी आपणहून सांगत नाही. मुलींनी खोलीचा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारावा. त्यावरून ज्यानं नाक मुरडलं त्याच्या व्हॅनमध्ये बसू नये. भारतातून येऊन पैसे घेऊन वाजवायचं असेल तर टुरिस्ट व्हिसावर चालत नाही. कलाकारांसाठी वेगळे वर्ग आहेत, आणि अर्ज इथल्या आयोजकानं किंवा एजंटनं भरावा लागतो. 'सगळे असंच येतात' म्हणणाऱ्याचं ऐकलंत तर विमानतळावरून परत जाल, आणि ते पुढच्या प्रत्येक अर्जात आडवं येईल.

इतकं वाचून धीर सुटला असेल तर हे लक्षात घ्या: आज ब्लूजमधलं मोठं नाव असलेला गिटारवादक बडी गाय 1957 साली लुइझियानाहून शिकागोला आला, त्याच्या रेकॉर्ड निघत होत्या, आणि तरी साठच्या दशकात तो दिवसा टो ट्रक चालवत होता. 2011 साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला तेव्हा तोच बडी गाय तिथे वाजवायला आला. दिवसाची नोकरी सोडायची घाई करू नका, आणि ती आहे म्हणून स्वतःला कमीही लेखू नका.

सुरुवात जॅमपासून करा, म्हणजे जिथे कुणीही नाव देऊन स्टेजवर वाजवू शकतो अशा बैठकीपासून. शहर कुठलंही असो. लवकर जा, कागदावर नाव लिहा, अ‍ॅम्पचा आवाज गायकाच्या खाली ठेवा. तुमच्या वाट्याला दोनच गाणी येतील. एकात सोलो मिळाला तर बारा बारची एक फेरी घ्या, दुसरी मागू नका. उतरल्यावर लगेच घरी जाऊ नका. हाउस बँडच्या, म्हणजे त्या जागेच्या ठरलेल्या बँडच्या बेसवाल्याला भेटा आणि कुठे अडखळलो ते विचारा. सुट्टीवर गेलेल्या गिटारिस्टच्या जागी कुणाला बोलवायचं हे बऱ्याचदा तोच सुचवतो.