रोजनिशी कोण वाचणार आहे?

ऑनलाइन वर्गात चिंतनात्मक रोजनिशी, म्हणजे आपण घेतलेल्या पाठाबद्दल विचार करून लिहिलेली नोंद, लिहून घेणार असाल, तर प्रश्न कुठले द्यायचे ते नंतर बघू. आधी गूगल क्लासरूममधला, म्हणजे वर्गाला काम देण्याघेण्याच्या गूगलच्या सोयीतला, एक बारकासा पर्याय नीट बघा. ऑगस्ट २०२० मध्ये मी तो बघितला नव्हता, आणि भोगावं लागलं माझ्या एका छात्राध्यापिकेला.

बी.एड.चं दुसरं वर्ष, पन्नासची तुकडी, सराव पाठ झूमवर. मी रोजनिशीची एक फाइल करून असाइनमेंटला जोडली. जोडताना तीन पर्याय येतात: सगळ्यांनी नुसती बघायची, सगळ्यांनी बदलायची, किंवा प्रत्येकाला वेगळी प्रत. 'स्टुडंट्स कॅन एडिट फाइल' म्हणजे ज्याने त्याने आपापली भरायची, असं मी धरून चालले. तसं नसतं! फाइल एकच राहते आणि अख्खा वर्ग तिच्यातच लिहितो, एकमेकांचं वाचतो. आपल्याला हवा असतो 'मेक अ कॉपी फॉर ईच स्टुडंट'. तो असाइनमेंट पाठवण्याआधीच निवडायचा. पाठवल्यावर निवडता येत नाही, सगळं काढून नव्याने द्यावं लागतं.

तिने लिहिलं होतं, की पाठ चालू असताना सासऱ्यांनी चहासाठी हाक मारली, माइक चालू राहिला होता, मुलं हसली, आणि पाठ संपल्यावर ती मोरीत जाऊन रडली. सकाळपर्यंत हे पन्नास जणांनी वाचलं होतं. कुणीतरी खाली हसरी स्मायली टाकली होती. मी फाइल काढली, फोन करून माफी मागितली. "असू द्या मॅडम," म्हणाली. त्यानंतर सत्र संपेपर्यंत तिची नोंद दर आठवड्याला तीच: पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला.

म्हणून अख्ख्या वर्गाला पाठवण्याआधी एकदा एकाच विद्यार्थी-खात्याला पाठवून त्यातून उघडून बघा. घरातल्या कुणाचं खातं वापरा, पण बघा. वेगळी प्रत दिलीत तरी ती 'टर्न इन', म्हणजे जमा, करण्याआधीही शिक्षकाला दिसते, जोडीला सहशिक्षक असतील तर त्यांनाही. हे पहिल्याच दिवशी तोंडी सांगून टाका. अर्धवट लिहिलेलं कुणी वाचतंय, हे मागाहून कळलं की माणूस मिटतो. आणि सत्रभर एकच फाइल चालवू नका. 'टर्न इन' झालं की विद्यार्थ्याला तीत बदल करता येत नाही, 'अनसबमिट' करत, म्हणजे जमा केलेलं मागे घेत, बसावं लागतं. दर आठवड्याला नवी द्या.

बाकीचं तेवढं अवघड नाही, खरंच. आमच्या एका ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, "दहा गुण लावा, त्याशिवाय कुणी लिहिणार नाही." लावले. सगळ्यांनी लिहिलं, आणि सगळ्यांचे पाठ उत्तम झाले होते! आता मी नोंद आली की नाही एवढंच मोजते. अनुभवी माणसांचा सल्ला ऐकावा, पण त्यांनी ऑनलाइन शिकवलंय का हेही विचारावं.

ग्रॅहम गिब्ज या शिक्षणतज्ज्ञाचं १९८८ चं, अनुभवावर चिंतन करण्याचं सहा पायऱ्यांचं चक्र तुम्हाला माहीत असेलच. त्याचे सहा खण आखून देण्याचा सोपा मार्ग पत्करू नका; मुलं ते रेशनकार्डाच्या अर्जासारखे भरतात. मी दोनच गोष्टी विचारते: पाठात घाम कुठे फुटला, आणि पुढच्या पाठात तिथे काय बदलणार. 'आज काय शिकलात?' विचारलंत तर पाठ टाचणच, म्हणजे पाठाची आधी केलेली आखणीच, परत येईल. भावना मागू नयेत, यायच्या तर येतात. आता चॅटजीपीटीने लिहिलेली गुळगुळीत पानंही येतात, पण नेमक्या कुठल्या मिनिटाला, कुठल्या मुलाच्या प्रश्नावर अडलात असं विचारलं की ती बरीच उघडी पडतात.

मोबाइलवर मराठी टाइप करणं ज्यांना जड जातं, त्यांना वहीत लिहून फोटो टाकू द्या. शुद्धलेखन तपासू नका. मी तपासलं होतं, फार लाजते आता. पन्नास नोंदींना पाच-पाच मिनिटं म्हटली तरी चार तासांवर जातात, म्हणून आठवड्याला बारा-तेरा जणांचंच नीट वाचते आणि प्रायव्हेट कमेंटमध्ये एखादा प्रश्न टाकते. कुणाची पाळी कधी ते त्यांना आधीच ठाऊक असतं. काहींकडून दोन ओळीच येतात. येऊ द्या. माझ्याकडे तिसऱ्या महिन्यात एकाची पाच पानं आली होती.