चिनी नववर्षासाठी रेस्टॉरंट सज्ज करताय? या चुका टाळा

सिंगापुरात रेस्टॉरंट चालवणाऱ्या आपल्या मराठी मंडळींशी डिसेंबर-जानेवारीत बोलणं झालं की एक गोष्ट दरवर्षी जाणवते. सगळ्यांची तयारी एकाच रात्रीभोवती फिरत असते, चिनी नववर्षाच्या आदल्या रात्रीभोवती. मी इथल्या एका चिनी रेस्टॉरंटमध्ये बुकिंग आणि हॉलचं काम बरीच वर्षं पाहिलं आहे. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते.

सण एका रात्रीचा समजणं

हा सण अमावस्येला सुरू होतो आणि पौर्णिमेला संपतो. आपल्या शुद्ध पक्षासारखे पंधरा दिवस म्हटलं की लक्षात राहतं. त्यांच्याही पंचांगात अधिक महिना असतो, त्यामुळे पहिला दिवस 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यांच्या मध्ये सरकत राहतो. 2025 मध्ये तो 29 जानेवारीला होता, 2026 मध्ये 17 फेब्रुवारीला. 2027 मध्ये तो शनिवारी, 6 फेब्रुवारीला येतो. सणाच्या दोन सार्वजनिक सुट्ट्यांपैकी दुसरी रविवारी पडत असल्याने सोमवार, 8 तारीखही सुट्टीची. मागच्या वर्षीचं वेळापत्रक तारखा बदलून वापरलंत, तर इथेच गणित चुकतं.

शिवाय प्रत्येक दिवसाचं जेवण वेगळं. सणाआधीचे आठवडे ऑफिसच्या पार्ट्यांचे. आदली रात्र फक्त कुटुंबाची. पहिल्या दिवशी अनेक बौद्ध आणि ताओपंथी घरांत शाकाहार असतो. सातवा दिवस 'रन री', म्हणजे सगळ्या माणसांचा वाढदिवस, आणि त्या दिवशी यू शेंगची, म्हणजे कच्च्या माशाच्या सणातल्या सॅलडची, मागणी पुन्हा उसळते. पंधराव्या दिवशी तांदळाच्या पिठाचे गोड गोळे, तांगयुआन. एकच मेनू पंधरा दिवस लावून ठेवला की शेवटच्या आठवड्यात टेबलं रिकामी राहतात, आणि मग 'यंदा धंदा नव्हता' असं म्हणायची वेळ येते.

भारतीय रेस्टॉरंट असेल तर आणखी एक मुद्दा. पहिल्या दोन दिवशी हॉकर सेंटरमधले, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या सार्वजनिक जागांमधले, बरेच स्टॉल बंद असतात, आणि बाहेर जेवायला निघालेला माणूस तुमच्याकडे येतो. दुपारी दोनलाच बिर्याणी संपणं ही त्या दिवसाची नेहमीची तक्रार आहे.

आदल्या रात्रीच्या दोन पंगतींमध्ये वेळच न ठेवणं

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिली पंगत साडेपाचला, दुसरी साडेसातला, असं कागदावर छान बसवलं होतं. पण ते जेवण म्हणजे वर्षातून एकदा जमणाऱ्या तीन पिढ्या. आजी व्हीलचेअरवर, नातू परदेशातून त्याच सकाळी उतरलेला, फोटो काढून संपत नाहीत. अशा टेबलापाशी उभं राहून 'आता उठा' म्हणवत नाही, आणि म्हणूही नये. दुसऱ्या पंगतीतली कुटुंबं लहान मुलांना घेऊन दाराबाहेर पाऊण तास ताटकळली. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

आता पहिली पंगत पाचला आणि दुसरी पावणेआठला. पहिल्या पंगतीची उठायची वेळ बुकिंग घेतानाच सांगायची, पुन्हा मेसेजमध्ये लिहायची. टेबलं पंधरा-पंधरा मिनिटांच्या फरकाने बसवायची. तसं केलं नाही तर चाळीस टेबलांची अख्खी मासळी एकाच क्षणी वाफवायला येते आणि स्टीमर तेवढे नसतात. डिपॉझिट घ्याच. एकच कुटुंब तीन ठिकाणी टेबल धरून ठेवतं आणि दोन ठिकाणी फिरकत नाही, हे दरवर्षी घडतं.

यू शेंगला साधं सॅलड समजणं

किसलेला पांढरा आणि हिरवा मुळा, गाजर, पोमेलो (पपनस), दाण्याचा कूट, तीळ, कुरकुरीत तळलेले तुकडे, प्लमचा सॉस आणि कच्च्या माशाचे पातळ काप. सगळ्यांनी उभं राहून चॉपस्टिक्सने हे उंच उडवायचं, ते 'लो हेई'. आज दिसतो त्या रूपात हा पदार्थ 1964 मध्ये सिंगापुरातल्या चार शेफनी लोकप्रिय केला. इथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे, म्हणून तो निष्काळजीपणे वाढलेला त्यांना लगेच कळतो.

सगळं किचनमध्येच कालवून पाठवणं ही नवख्यांची चूक. प्रत्येक घटक टेबलापाशी घालायचा असतो आणि त्याबरोबर एक शुभवचन म्हणायचं असतं. मासा घालताना 'नियान नियान यौ यू', म्हणजे दरवर्षी शिल्लक उरो, कारण मासा आणि शिल्लक यांचा उच्चार एकच. तीळ घालताना धंद्याची भरभराट, शेवटी कुरकुरीत तुकडे घालताना 'जमीन सोन्याने भरो'. वेटर नेपाळी असो, तमिळ असो की मराठी, ही आठ-दहा वाक्यं त्याला पाठ हवीत. चिनी सहकाऱ्याच्या आवाजात रेकॉर्ड करून फोनवर द्या, आठवड्याभरात जमतं. 2021 मध्ये कोविडच्या नियमांमुळे मास्क लावून, तोंडातून शब्द न काढता लो हेई करावी लागली होती. तेव्हा समजलं की ताटातल्यापेक्षा त्या आरोळ्यांसाठीच लोक येतात.

किसाला पाणी सुटत असेल तर बर्फाच्या पाण्यातून काढून पूर्ण निथळून, कोरडा करून, मगच फ्रिजमध्ये ठेवा. तुकडे मऊ पडत असतील तर ते ताटात आधीच घातले जाताहेत असं समजा. दाण्याचा कूट वेगळ्या वाटीत द्या आणि ॲलर्जी आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारा, कारण एकदा उडवल्यावर तो सगळीकडे जातो. जमीन पुसायला प्रत्येक टेबलामागे दहा मिनिटं जास्त धरा.

माशाच्या बाबतीत तडजोड नको. 2015 मध्ये कच्च्या गोड्या पाण्यातल्या माशांमुळे सिंगापुरात जंतुसंसर्गाची मोठी साथ आली. त्यानंतर रेस्टॉरंट आणि स्टॉलवर गोड्या पाण्यातला मासा कच्चा वाढायला बंदी आहे. सॅमन वापरा, कच्चा खाण्यासाठी म्हणूनच विकला जाणारा घ्या, कापायची पाटी आणि सुरी वेगळी ठेवा, आणि काप बाहेर काढून ठेवू नका.

पापलेटचा भाव जानेवारीत विचारणं

तिओच्यू या दक्षिण चीनमधून आलेल्या समाजाच्या घरांत सणाला वाफवलेलं पापलेट लागतं: खारवलेलं प्लम, टोमॅटो, टोफू आणि खारवलेली मोहरीची पानं घालून. आपल्याकडच्या तळलेल्या तुकडीपेक्षा अगदी वेगळी चव, पण जीव तेवढाच. सण जवळ आला की बाजारात त्याचा भाव भराभर चढतो. नोव्हेंबरअखेर सप्लायरशी नग, वजन आणि दर लेखी ठरवा, आणि त्याची सुट्टी कधीपासून तेही विचारा, कारण भाजीवालेसुद्धा काही दिवस बंद असतात. मासा अख्खाच, डोकं-शेपटीसह वाढा. वरची बाजू संपली की तो उलटू नका. होडी उलटण्याचा अपशकुन मानतात.

शकुन-अपशकुन 'आपल्याला काय' म्हणून सोडून देणं

'चार'चा उच्चार मृत्यूसारखा, म्हणून चार नंबरचं टेबल, चार पदार्थ, किमतीत चार, काहीच नको. सात पदार्थही नकोत, कँटोनीज लोकांत ते अंत्यविधीनंतरचं जेवण असतं. आठ पदार्थ ठेवा, किमतीही 388, 688 अशा. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नका. पांढरी सजावट काढा. संत्री जोडीने द्या. प्लेट फुटली तर वेटरने ओशाळून पळू नये, 'सुइ सुइ पिंग आन' म्हणावं. फुटणं आणि वर्षं यांचा उच्चार जुळतो, म्हणून अर्थ होतो, वर्षानुवर्षं शांती लाभो.

शाकाहाराचा अर्थ आपल्या पद्धतीने लावणं

पहिल्या दिवशीच्या कडक बौद्ध शाकाहारात कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या पाती चालत नाहीत. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला हे सांगावं लागू नये, तरी पनीरच्या ग्रेव्हीत कांदा घालून 'व्हेज आहे' म्हणून वाढलेलं मी पाहिलं आहे. मुस्लीम पाहुण्यांच्या बाबतीतही तसंच. किचनमध्ये डुकराची चरबी वापरली जात असेल तर आधीच स्पष्ट सांगा. 'पोर्क नाही' म्हणजे हलाल नव्हे.

कामगारांच्या घरीही सण आहे हे विसरणं

तुमच्या चिनी शेफलाही आई आहे, आणि तीही आदल्या रात्री टेबल मांडून बसते. मलेशियातून येणाऱ्यांना पूल ओलांडून घरी जायचं असतं, आणि त्या दिवशी वुडलँड्सच्या सीमानाक्यावरच्या रांगा संपत नाहीत. रजेची यादी नोव्हेंबरमध्येच करा: यंदा आदली रात्र ज्याने केली, त्याला पुढच्या वर्षी सुटी. सार्वजनिक सुट्टीच्या कामाचा जादा पगार कायद्यानेच द्यायचा असतो, त्याला बक्षीस म्हणू नका. सणाच्या शुभेच्छांचं, पैशाचं लाल पाकीट त्याशिवाय वेगळं द्या, सम रकमेचं, कोऱ्या नोटांचं. 2027 मध्ये रमजानही साधारण 8 फेब्रुवारीला सुरू होतो, तेव्हा रोजा धरणाऱ्यांच्या पाळ्या इफ्तारची वेळ सांभाळून लावा.

आमच्याकडे सणाच्या आठवडाभर आधी, दुपारी तीन वाजता, जेवणाची गर्दी ओसरल्यावर कामगारांची स्वतःची पंगत बसते. भांडी घासणाऱ्या आंटी मधल्या खुर्चीत, यू शेंगचं सगळ्यात मोठं ताट त्यांच्यापुढे, आणि त्या दिवशी वाढायचं काम मालकांचं.