कुत्र्याला शिकायला बाहेर ठेवण्याआधी

बेळगावात आमच्या टिळकवाडीत हल्ली जो तो विचारतो, कुत्र्याला महिनाभर ट्रेनरकडं राहायला ठेवू का? आधी तक्रार काय आहे ते बघा. पट्टा ओढणं, अंगावर उड्या मारणं तिथं सुधारतं. पण तुम्ही बाहेर पडलात की दार ओरबाडणारं कुत्रं तिथं काय शिकणार? ते दारही तिथं नाही, तुम्हीही नाही. फार भित्र्याला तर ठेवूच नका. आमची मुधोळ जातीची कुत्री परक्याच्या हातचं बिस्कीटसुद्धा घेत नाही, तिच्यासाठी मी शिकवणाऱ्यालाच घरी बोलावते.

जागा बघायला पावसाळ्यात जा. खानापूरकडं ओल हटता हटत नाही. तिथल्या कुत्र्यांचे पंजे उचलून बोटांच्या बेचक्यात लाली आहे का बघा. शॉक कॉलर, म्हणजे विजेचा झटका देणारा गळपट्टा, वापरता का, सरळ विचारा. शिकवताना तुम्हाला तिथं उभं राहू देत नसतील किंवा रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपरच्या लसींचं कार्डच मागत नसतील, तर गाडी वळवा. स्वस्तात पडतं म्हणून तर मुळीच नको.

आणि त्यांच्या मैदानात शहाण्यासारखं बसणारं कुत्रं गणपत गल्लीच्या गर्दीत बसेलच असं नाही. म्हणून शिकवणीचे शेवटचे काही तास तुमच्याच गल्लीत, घरातल्या सगळ्यांच्या हातात पट्टा देऊन घ्यायचं आधीच लिहून घ्या.