ट्रेलर घेताय? आधी त्याच्या पोटाखाली झोपून बघा

सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला आलोय. दर वर्षी जमत नाही, यंदा जमलं. आल्यापासून ऐकतोय, आमच्या पूर्व भागातली आणखी चार पोरं अमेरिकेला निघालीत, त्यातली दोघं आमच्याच अल्बुकर्कीला, न्यू मेक्सिको राज्यात. एकाने तर इथूनच फोनवर फोटो बघून सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर पसंत करून ठेवलाय. भाडं परवडत नाही, त्यातच राहणार म्हणतो. "का बे, खालनं कसा आहे बघितलास का?" म्हटलं, तर हसला. "काका, खालनं कोण बघतंय?" माझा घेताना मीही बघितलं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसलो.

बँक, लायसन्स, क्रेडिट स्कोअर हे सगळेच सांगतात. ते त्यांनाच विचारा.

ट्रेलर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उसाची ट्रॉली येते. हा तसला नव्हे. पिकअपच्या मागे जोडून ओढायचं चाकावरचं घर हे. स्वयंपाकाचा ओटा, पलंग, संडास, हीटर, सगळं आत. फरशीच्या खाली पाण्याच्या टाक्या, पाइप, तारांचे जुडगे आणि काचतंतूचं मऊ इन्सुलेशन. हे सगळं झाकायला खालून काळा प्लॅस्टिकचा पत्रा मारतात, आत पोकळ नळ्या असलेला. कोरोप्लास्ट म्हणतात त्याला. बऱ्याच ट्रेलरना हा असतो, तुमच्याला आहे का ते बघा. उंदराला यापेक्षा बरं घर कुठलं? उबदार, अंधारं, आणि वर माणसांचं धान्य.

घेण्याआधी जमिनीवर चादर टाकून खाली सरका आणि टॉर्च मारा. पत्रा कुठे लोंबतोय का, कोपऱ्याला कुरतडलाय का, पाइप आत जातो तिथे भोक मोठं आहे का. ६ मिलिमीटरची फट उंदराच्या पोराला पुरते, म्हणजे पेन्सिल आत गेली तर उंदीरही गेला. आत चढल्यावर ओट्याखालचे खण उघडून वास घ्या. मुताचा वास लपत नाही. विकणाऱ्याने सुवासिक स्प्रे मारलेला असेल तर आणखी एकदा घ्या.

आता साफसफाई. लेंड्या दिसल्या की आपला हात आधी केरसुणीकडे जातो. तिथे नाही, बाबांनो. १९९३ साली न्यू मेक्सिको, ॲरिझोना, युटा आणि कोलोराडो ही चार राज्यं भेटतात त्या भागात तरणीताठी माणसं दम लागून गेली. ते हँटाव्हायरसमुळे, हे नंतर कळलं. डिअर माऊस नावाच्या उंदराच्या लेंड्या-मुतातून तो येतो, आणि वाळलेली घाण झाडली की धुळीबरोबर छातीत जातो. म्हणून झाडू नाही, व्हॅक्यूमही नाही. दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या टाका. हातमोजे, चांगला मास्क. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं करून घाण चिंब भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने पुसून दुहेरी पिशवीत बांधा. इन्सुलेशन खराब झालं असेल तर वाचवत बसू नका, टाका.

माझ्या ट्रेलरचा पत्रा उतरवला तेव्हा काय निघालं सांगतो. निवडुंगाचे काटेरी तुकडे, म्हणजे पॅक रॅट, दिसेल ते गोळा करून नेणारा उंदीर, तोही येऊन गेला होता. कुत्र्याचं खाणं, जो कुत्रा आमच्याकडे कधीच नव्हता. आणि इन्सुलेशनच्या मधोमध वाटीएवढं घरटं, त्यात लाल-पिवळे धागे. आईने दिलेली सोलापुरी चादर मी हिवाळाभर पलंगाखाली ठेवली होती. तिचा एक कोपरा विंचरून काढल्यासारखा उसवलेला. शेंगाचटणीच्या डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणालाही भोक. चटणी तिखट होती, तरी संपली होती.

पत्रा सगळा उतरवायची गरज नसते. जिथे कुरतडलंय तिथे तीन बाजूंनी कापून झडप करा, काम झालं की त्याच पत्र्याचा तुकडा वरून लावा, कडेने ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी न शिरू देणारी चिकट पट्टी, रुंद वॉशरचे स्क्रू. पण खाली शिरण्याआधी चाकांना अडण आणि चौकटीखाली जॅकस्टँड. नुसत्या जॅकवर आपले मेकॅनिक ट्रकखाली जातात ते विसरा. बाहेरून जोडलेली लाइट काढा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, छतावर सोलर असेल तर त्याचीही जोडणी सोडवा.

आणि रंग! आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. तिथल्या १२० व्होल्टच्या लाइनमध्ये काळी म्हणजे जिवंत आणि पांढरी न्यूट्रल. १२ व्होल्टच्या बाजूला पांढरी बहुतेक वेळा निगेटिव्ह असते, पण प्रत्येक कारखान्याची तऱ्हा वेगळी. मीटर लावल्याशिवाय कुठलीही तार धरायची नाही.

आता माझी महागडी चूक. मागांच्या शेडमध्ये वाढलोय. फ्यूज उडाला की जॉबर, म्हणजे मागाचा मिस्त्री, किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खाचेत, दुपदरी तार गुंडाळायचा आणि माग चालू. वडील काही बोलत नसत, कारण माग बंद म्हणजे पैसे बंद. तीच बुद्धी मी विमानातून घेऊन गेलो. मार्चमधली रात्र, डोंगरातला कॅम्प, पोरं कुडकुडतायत, आणि हीटरचा पंखा लागला की १५ अँपियरचा निळा फ्यूज उडतोय. तीनदा बदलला. चौथ्या वेळी हिरवा बसवला, ३० चा. पंखा सुरू झाला, पोरं झोपली, मला फार हुशार वाटलं. तासाभरात फरशीखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास. उंदराने कुरतडलेली तार चौकटीला अधूनमधून टेकत होती, निळा फ्यूज तेच सांगत होता. मी त्याचं तोंड बंद केलं. बॅटरी उपटली म्हणून वाचलो, पण त्या तारेबरोबर शेजारच्या दोन वितळल्या होत्या.

दुकानात न्यायला सहा आठवड्यांनी नंबर लागला. अमेरिकेत माल रात्रीत घरी येतो, माणूस मिळत नाही. तासाला १६० डॉलरने एकूण बिल ३,४०० डॉलर. विम्यावाल्याने कलम दाखवलं, उंदीर-घुशींचं नुकसान वगळून. तुमची पॉलिसी आजच वाचा.

फ्यूज तारेसाठी असतो, पंख्यासाठी नाही. १४ गेजच्या तारेला १५ अँपियरचा, १२ ला २०, १० ला ३०. आपण तार स्क्वेअर एमएममध्ये मोजतो, तिथे गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. १४ म्हणजे साधारण २ स्क्वेअर एमएम, १२ म्हणजे ३.३. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला की खाली जाऊन तार शोधायची. मोठा फ्यूज टाकायचा नाही. रात्र असो, थंडी असो, पोरं रडोत, टाकायचा नाही. अंगावर ब्लँकेट घ्या.

तार जोडताना चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. हिरवट-काळी असेल तर आणखी मागे. पीळ देऊन टेप गुंडाळणं ही आपली कला तिथे रस्त्याच्या हादऱ्याने आणि पाण्याने महिन्यात सुटते. आतून गोंद असलेले, गरम केल्यावर आवळणारे हीट-श्रिंक कनेक्टर घ्या: १६-१४ गेजला निळा, १२-१० ला पिवळा. दाबून झालं की जोर लावून ओढून बघा. ब्रेकची तार मात्र जाणकाराकडूनच.

भोकं बुजवायला तांब्याची किंवा स्टेनलेसची जाळी कोंबा, वरून फोम. नुसता फोम ते खातात, साधी स्टीलवूल गंजते. मुख्य केबल बाहेर पडते ती झडप आणि पुढे जोडणीच्या दांड्यापाशी तारा आत जातात ती जागा, या दोन बहुतेक जण विसरतात. मंडळाच्या ग्रुपवर दर ऑक्टोबरला कोणीतरी डांबराच्या गोळ्या सुचवतो. सुचवणाऱ्यातल्या निम्म्यांकडे ट्रेलर नसतो. मी टाकल्या होत्या. उंदीर राहिले, वास दोन वर्षं राहिला. विषही नको, मेलेला उंदीर नेमका टाकीच्या वर सापडतो. साधा सापळा, त्यावर शेंगदाण्याचं बटर, भिंतीला लागून.

हिवाळ्यात ट्रेलर बंद ठेवणार असाल तर पाइप गोठून फुटू नयेत म्हणून त्यात ट्रेलरसाठीचं गुलाबी अँटीफ्रीज घालायला विसरू नका.

आणि हे सगळं ऑक्टोबर संपायच्या आत. बलून फिएस्टाला, म्हणजे अल्बुकर्कीच्या ऑक्टोबरातल्या गरम हवेच्या फुग्यांच्या जत्रेला, पाहुणे येतात, त्यांना खाली सरकायला लावा. थंडी पडली की उंदीर वाट बघत नाहीत. चादरी त्याच दिवशी घरात आणा.